बेससाठी स्वतंत्र अ‍ॅनालॉग सिंथेसायझर निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेससाठी वेगळा सिंथेसायझर घेण्याची खरोखर गरज असते का? खालचे स्वर तर कोणत्याही सिंथेसायझरवर वाजतात.

वाजतात, हे खरे. पण खालच्या सप्तकात स्वर वाजणे आणि त्या स्वराने संपूर्ण रचनेचा पाया सांभाळणे यांत मोठे अंतर आहे. चार तारांच्या बेस गिटारचा सर्वांत खालचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो, पाच तारांच्या गिटारवर तो सुमारे ३१ हर्ट्झपर्यंत उतरतो, आणि साधारण २० हर्ट्झच्या खाली माणसाच्या कानाला स्वर असा जाणवतच नाही. म्हणजे बेसचे काम श्रवणमर्यादेच्या काठावर चालते, आणि नेमक्या याच भागात कानाची संवेदनशीलता फार कमी असते. त्यामुळे चांगल्या बेस आवाजाला दोन गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात: मूळ स्वर भक्कम आणि स्थिर राहिला पाहिजे, आणि त्याच्यावर उठणारे हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पटीतले वरचे स्वर) इतके स्पष्ट हवेत की लहान स्पीकरवरही कोणता स्वर वाजतो आहे हे कळावे.

एकाच वेळी अनेक स्वर वाजवण्यासाठी बनवलेल्या सिंथेसायझरचा प्रत्येक आवाज बहुधा इतरांबरोबर मिसळून जाईल अशा बेताने घडवलेला असतो. बेससाठी बनवलेले यंत्र एका वेळी एकच स्वर वाजवते. त्याचा फिल्टर (आवाजाचा काही भाग कापणारे मंडल), त्याची विकृती (डिस्टॉर्शन), त्याच्या स्वरांमधले संक्रमण हे सारे त्या एका स्वराच्या सेवेत असते. ज्यांच्या संगीतात बेस केवळ साथीपुरता आहे त्यांना वेगळ्या यंत्राची निकड नाही. ज्यांची रचना बेसच्या ओळीपासून सुरू होते त्यांनी मात्र हा विचार गांभीर्याने करावा.

सॉफ्टवेअर आज इतके चांगले असताना अ‍ॅनालॉगचा आग्रह कशासाठी?

मिश्रण पूर्ण झालेल्या ध्वनिमुद्रणात उत्तम सॉफ्टवेअर आणि अ‍ॅनालॉग यंत्र (विद्युतमंडलातून आवाज घडवणारे) यांतला फरक ओळखणे अनेकदा अवघड असते, आणि हे मान्य करूनच निर्णय घ्यावा. अ‍ॅनालॉग यंत्राची खरी बाजू हातात आल्यावर कळते. फिल्टरमध्ये शिरणाऱ्या संकेताची पातळी वाढवली की तो हळूहळू संपृक्त (सॅच्युरेट) होत जातो, रेझोनन्स (फिल्टर जिथे कापू लागतो तिथला भाग उठवणारे नियंत्रण) फिरवताना आवाज सलग बदलतो, आणि मर्यादित नियंत्रणांमुळे वाजवणारा लवकर निर्णयाला येतो. खालच्या स्वरांसाठी हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बेसचा आवाज जितका साधा असेल तितका तो बहुधा टिकतो. या गोष्टींची ओढ नसेल, तर तेच पैसे चांगले स्पीकर आणि खोलीची ध्वनिव्यवस्था यांवर खर्च केल्याने बेस अधिक सुधारेल.

ऑसिलेटर (मूळ तरंग निर्माण करणारे भाग) किती असावेत? तीन ऑसिलेटर म्हणजे अधिक भारदस्त आवाज, हे खरे का?

हा समज मिनीमूगमुळे रूढ झाला. १९७० साली बाजारात आलेल्या मिनीमूग मॉडेल डीमध्ये तीन ऑसिलेटर होते, आणि पुढच्या दशकभरात फंक संगीतात, विशेषतः कीबोर्डवादक बर्नी वॉरेल यांच्या वादनातून, त्याच्या बेसने जी छाप पाडली ती अजून पुसलेली नाही. पण तीन ऑसिलेटर किंचित वेगवेगळ्या स्वरांत लावून मिळणारा रुंद आवाज खालच्या सप्तकात वेगळ्या रीतीने वागतो, आणि ते समजून घेण्यासाठी थोडे गणित करावे लागते.

दोन ऑसिलेटरांमध्ये ५ सेंटचा (एक सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) फरक ठेवला, तर ४४० हर्ट्झच्या आसपास त्यांच्यातले विस्पंद (आवाजाच्या पातळीतले चढउतार) सेकंदाला सुमारे १.३ वेळा येतात आणि आवाज सुखद रीतीने हलता वाटतो. हाच फरक ५५ हर्ट्झवर ठेवला की एक विस्पंद पूर्ण व्हायला सहा सेकंदांहून अधिक वेळ लागतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत चार ठोक्यांचे एक आवर्तन दोन सेकंदांचे असते; म्हणजे तीन आवर्तनांच्या अवधीत दोन्ही तरंग एकदा एकमेकांना पूर्ण साथ देतात आणि एकदा एकमेकांचा मूळ स्वर जवळजवळ पुसून टाकतात. परिणामी बेसच्या ओळीतला एखादा स्वर भरदार येतो, तर तोच स्वर पुढच्या खेपेस पोकळ येतो, आणि वाजवणारा आपल्या हातातला दोष शोधत बसतो.

म्हणून शुद्ध खर्जासाठी एक ऑसिलेटर आणि त्याच्याशी बांधलेला सब-ऑसिलेटर ही जोडी मी दोन-तीन सुट्या ऑसिलेटरांपेक्षा वरची मानतो. दुसरा ऑसिलेटर असेल तर तो एक सप्तक वर किंवा पंचमात लावून पाहावा. तिथे तो मूळ स्वराशी भांडत नाही आणि आवाजाला धार देतो. लांब, संथ स्वरांच्या संगीतात मात्र विस्पंदांची ती सावकाश हालचालच हवी असते, आणि तिथे तीन ऑसिलेटरांना तोड नाही.

सब-ऑसिलेटर नेमके काय करतो?

मुख्य ऑसिलेटरच्या वारंवारतेला विद्युतमंडलात दोनाने किंवा चाराने भागून तो एक किंवा दोन सप्तके खालचा तरंग निर्माण करतो. मुख्य ऑसिलेटरपासूनच तो जन्मत असल्यामुळे दोघांची कला (फेज) कायम एकमेकांशी बांधलेली राहते आणि वर सांगितलेला पुसण्याचा त्रास होत नाही. १९८२ च्या रोलंड एसएच-१०१ मध्ये मुख्य ऑसिलेटर एकच आहे, तरीही त्याचा बेस अजून मागितला जातो, त्यामागे या सब-ऑसिलेटरचा वाटा मोठा आहे: त्यात एक सप्तक खालचा चौरस तरंग, दोन सप्तके खालचा चौरस तरंग आणि दोन सप्तके खालचा अरुंद पल्स असे तीन पर्याय मिळतात.

सब-ऑसिलेटरची पातळी स्वतंत्र नॉबने कमीजास्त करता येते का, हे अवश्य पाहावे. तो केवळ चालू किंवा बंद होत असेल, तर उपयोग निम्मा होतो. आणि मूळ ओळ आधीच फार खाली असेल तर तो बंद ठेवावा. ४१ हर्ट्झच्या एक सप्तक खाली सुमारे २० हर्ट्झ येतात, जे स्पीकर हलवतात पण ऐकू येत नाहीत.

फिल्टरच्या प्रकाराला इतके महत्त्व का दिले जाते?

बेस सिंथेसायझरचे व्यक्तिमत्त्व सर्वाधिक फिल्टरमध्ये असते, म्हणून. ऑसिलेटरचे तरंग एका कंपनीच्या यंत्रातून दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात गेले तरी फार बदलत नाहीत. करवती तरंगात सर्व हार्मोनिक असतात, चौरस तरंगात केवळ विषम असतात, एवढे समजले की ऑसिलेटरचा बराचसा भाग समजला. फिल्टर मात्र त्या कच्च्या मालातून काय राखायचे, काय कापायचे आणि कापताना आपला रंग किती सोडायचा हे ठरवतो.

रॉबर्ट मूग यांनी रचलेला ट्रान्झिस्टर लॅडर (शिडी) फिल्टर, ज्याचे पेटंट १९६९ मध्ये मिळाले, कटऑफच्या (जिथून फिल्टर कापू लागतो त्या वारंवारतेच्या) वर दर सप्तकाला २४ डेसिबल घट करतो. त्यामुळे कटऑफ खाली आणला की वरचा भाग जवळजवळ झाकला जातो आणि गोल, जड, एकसंध खर्ज उरतो. त्यात संकेत जोराने घातला तर तो मऊपणे संपृक्त होतो, आणि 'जाड' म्हणून वाखाणल्या जाणाऱ्या आवाजाचा मोठा भाग या संपृक्ततेतून येतो.

रोलंड टीबी-३०३ मध्ये ट्रान्झिस्टरऐवजी डायोडची शिडी आहे. तिच्या पायऱ्या एकमेकींवर परिणाम करतात, त्यामुळे कटऑफची कडा तितकी स्वच्छ राहत नाही आणि रेझोनन्स वाढवल्यावर आवाज रबरासारखा ताणलेला, काहीसा चिरका होतो. हा आवाज शांत साथीला शोभत नाही, पण पुढे येऊन बोलणाऱ्या बेसला त्याच्यासारखा दुसरा नाही.

आर्टुरियाच्या मिनीब्रूट आणि मायक्रोब्रूटमध्ये स्टायनर-पार्कर पद्धतीचा, दर सप्तकाला १२ डेसिबल घट करणारा फिल्टर आहे. तो वरचे हार्मोनिक अधिक जाऊ देतो, म्हणून आवाज उघडा आणि खरखरीत लागतो. कॉर्ग एमएस-२० चा फिल्टरही स्वभावाने आक्रमक आहे. शिवाय त्यात लो-पासच्या (वरचा भाग कापणाऱ्या फिल्टरच्या) आधी हाय-पास (खालचा भाग कापणारा) फिल्टर आहे, आणि दोन्हींचे रेझोनन्स एकमेकांजवळ आणले की खालच्या भागात एक उंचवटा तयार होतो, जो ढोलाबरोबर फार छान बसतो.

एकाच यंत्रात दोन स्वभाव हवे असतील, तर २०१३ मध्ये आलेला नोव्हेशन बेस स्टेशन २ पाहण्यासारखा आहे. त्यात 'क्लासिक' फिल्टर १२ किंवा २४ डेसिबल उतारावर चालतो, आणि 'अ‍ॅसिड' नावाचा दुसरा फिल्टर डायोड लॅडरवर आधारलेला आहे. मूगच्या सब फॅटी आणि त्यापुढच्या यंत्रांत उतार ६, १२, १८ किंवा २४ डेसिबल असा निवडता येतो; ही सोय कागदावर किरकोळ वाटते, पण एकच पॅच (जुळवून ठेवलेला आवाज) वेगवेगळ्या मिश्रणांत बसवताना तिचा फार उपयोग होतो.

रेझोनन्स वाढवला की खालचा भाग पातळ होतो. यंत्रात दोष आहे का?

दोष नाही. लॅडर फिल्टरमध्ये रेझोनन्स निर्माण करण्यासाठी बाहेर पडणारा संकेत उलटा करून पुन्हा आत सोडतात, आणि ही परतीची मात्रा जितकी वाढते तितका कटऑफच्या खालचा संपूर्ण भाग दबतो. चार पायऱ्यांच्या आदर्श लॅडरमध्ये फिल्टर स्वतःच गाऊ लागेल इतका रेझोनन्स दिला, तर खालच्या वारंवारतांची पातळी मूळच्या एक पंचमांशावर, म्हणजे सुमारे १४ डेसिबलने खाली येते. काही यंत्रांत याची भरपाई करणारे मंडल असते आणि काहींत मुद्दाम ठेवलेले नसते.

बेससाठी यंत्र पारखताना ही चाचणी मी सर्वांत आधी करावी असे सुचवीन: कटऑफ मध्यावर ठेवून एक खालचा स्वर धरावा आणि रेझोनन्स शून्यापासून तीन चतुर्थांशापर्यंत सावकाश न्यावा. आवाज किती ओसरतो आणि ओसरल्यावर जे उरते ते आपल्याला आवडते का, हे काही क्षणांत कळते. ओसरणे नकोसे असेल पण त्या फिल्टरचा रंग हवा असेल, तर फिल्टरमधून न जाणारा शुद्ध खर्ज वेगळ्या आवाजाने खाली घालण्याची पद्धत अनेक निर्माते वापरतात.

एन्व्हलपमध्ये (कळ दाबल्यापासून आवाज कसा चढतो-उतरतो हे ठरवणाऱ्या भागात) काय पाहावे?

वेग पाहावा. बोटाने तार छेडल्यासारखा टणक आरंभ हवा असेल, तर फिल्टरचा एन्व्हलप काही मिलिसेकंदांत उघडून तितक्याच चपळतेने बंद झाला पाहिजे, आणि हे करताना प्रत्येक स्वराच्या सुरुवातीला नकोसा टिचका ऐकू येता कामा नये. फिल्टर आणि आवाजाची पातळी यांना स्वतंत्र एन्व्हलप असावेत. एकच एन्व्हलप दोन्हींवर चालत असेल, तर फिल्टर लगेच बंद होऊनही स्वर लांबत राहणे, ही बेसमधली नेहमीची गरज भागत नाही.

आणखी एक बारकावा क्वचितच सांगितला जातो. ४१ हर्ट्झच्या तरंगाचे एक आवर्तन सुमारे २४ मिलिसेकंदांचे असते. अ‍ॅनालॉग ऑसिलेटर सतत चालू असल्यामुळे कळ दाबली जाते तेव्हा तो त्या आवर्तनात कुठेही असू शकतो, आणि म्हणून एकाच ओळीतल्या स्वरांचा आरंभ दर वेळी किंचित निराळा येतो. काहींना हाच जिवंतपणा वाटतो. यंत्रवत नेमका ठोका हवा असेल, तर कळ दाबताच ऑसिलेटर सुरुवातीपासून चालू करण्याची सोय आहे का ते पाहावे. मूगच्या सब फॅटीमध्ये ती आहे.

लेगाटो, ग्लाइड आणि स्वरांचा अग्रक्रम यांमुळे प्रत्यक्षात काय फरक पडतो?

वाजवणाऱ्याच्या हाताला फार फरक पडतो. एकस्वरी यंत्रावर दोन कळा एकत्र दाबल्या गेल्या तर कोणता स्वर वाजायचा, हे अग्रक्रमावर ठरते. मूळ मिनीमूग सर्वांत खालच्या स्वराला अग्रक्रम देतो, तर आजची बहुतेक यंत्रे शेवटी दाबलेल्या स्वराला देतात. डाव्या हाताने एक कळ धरून ठेवून उजव्या हाताने वरचे स्वर टिपण्याची सवय असलेल्या वादकाला खालच्या अग्रक्रमाच्या यंत्रावर आपले वरचे स्वर ऐकूच येणार नाहीत. कळ न सोडता पुढचा स्वर घेतला (लेगाटो) तर एन्व्हलप नव्याने सुरू होतो की चालू राहतो, हेही तपासावे, आणि हा पर्याय बदलता येत असेल तर उत्तमच.

ग्लाइडबाबत (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याबाबत) माझे मत ठाम आहे: कळा जोडून वाजवल्या तरच मींड यावी आणि सोडून वाजवल्या तर येऊ नये, ही सोय बेससाठी आवश्यक मानावी. प्रत्येक स्वरावर घसरणारा बेस लवकरच लयीचा आधार गमावतो.

टीबी-३०३ सारखा आवाज हवा असेल तर त्याच घराण्यातले यंत्र घ्यावे लागेल का?

बहुतांशी होय, आणि त्याचे कारण केवळ फिल्टर नाही. तादाओ किकुमोतो यांनी रचलेले हे यंत्र १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गिटारवादकांना सरावासाठी बेसची साथ मिळावी या हेतूने बाजारात आले आणि त्या कामात अपयशी ठरून १९८४ पर्यंत बंदही झाले. पुढे शिकागोच्या तरुण संगीतकारांनी जुन्या बाजारातली स्वस्त यंत्रे उचलली आणि त्यांच्यातून अ‍ॅसिड हाऊस हे नृत्यसंगीत घडवले. त्या संगीताचा प्राण सीक्वेन्सरमध्ये (स्वर क्रमाने आपोआप वाजवणाऱ्या भागात) आहे: प्रत्येक पायरीला ॲक्सेंट (जोर) आणि स्लाइड (मींड) स्वतंत्रपणे देता येतात, ॲक्सेंटमुळे आवाजाबरोबर फिल्टरची झेपही वाढते, आणि लागोपाठच्या पायऱ्यांवर ॲक्सेंट दिले तर त्यांचा परिणाम साचत जाऊन आवाज वर वर चढतो. दुसऱ्या यंत्राचा फिल्टर कितीही जवळचा असला, तरी कीबोर्डवर हाताने हे घडवणे फार कठीण असते.

त्याच पद्धतीच्या अ‍ॅनालॉग प्रतिकृतींमध्ये बेहरिंगर टीडी-३ आणि सायक्लोन अ‍ॅनालॉजिकचा टीटी-३०३ ही नावे घेता येतील. रोलंडने स्वतः काढलेला टीबी-०३ हा डिजिटल पद्धतीने तोच आवाज घडवतो. आवाज चांगला आहे, परंतु अ‍ॅनालॉग मंडलच हवे असलेल्यांनी हे लक्षात ठेवावे. आणि हे घराणे सर्वगुणी नाही. एकच ऑसिलेटर, करवती किंवा चौरस एवढेच दोन तरंग आणि अत्यंत मोजकी नियंत्रणे असलेले हे यंत्र पहिला आणि एकमेव बेस सिंथेसायझर म्हणून घेणाऱ्याला काही महिन्यांत चौकट अपुरी वाटू शकते.

मग पहिल्या यंत्रासाठी कोणती नावे विचारात घ्यावीत?

संगीताचा प्रकार आधी सांगावा लागेल. संथ, जड, पायाखालची जमीन हलवणारा खर्ज हवा असेल, तर मूग मिनीटॉर हे या विषयाला सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे. १९७० च्या दशकात पायाने वाजवण्यासाठी बनवलेल्या मूग टॉरस पेडलांच्या परंपरेतले हे छोटे यंत्र २०१२ मध्ये आले. त्यात दोन ऑसिलेटर आणि लॅडर फिल्टर आहे, स्वतःचा कीबोर्ड नाही, आणि ठरावीक मर्यादेच्या वरचे स्वर ते वाजवतच नाही. ही मर्यादा अनेकांना खटकते. मला ती योग्य वाटते, कारण ते केवळ बेससाठीच बनलेले यंत्र आहे.

निरनिराळ्या शैलींत काम करणाऱ्याने बेस स्टेशन २ घ्यावा, असे मी निःसंकोच सांगेन. दोन ऑसिलेटर, साइन, पल्स किंवा चौरस तरंग देणारा सब-ऑसिलेटर, दोन फिल्टर, आवाज साठवण्याची सोय आणि दाबाला प्रतिसाद देणाऱ्या पंचवीस कळा एवढे सारे त्यात एकत्र आहे. मूगचा रंग आणि साठवण्याची सोय दोन्ही हवी असेल, तर सब फॅटी किंवा सबसिक्वेंट २५ पाहावा.

शिकण्यासाठी कॉर्ग मोनोलॉग उत्तम आहे. दोन ऑसिलेटर, सोळा पायऱ्यांचा सीक्वेन्सर आणि तरंगाचा आकार दाखवणारा छोटा पडदा यांमुळे कान आणि डोळा एकत्र शिकतात. कॉर्ग व्होल्का बेस त्याहून लहान आहे. त्यात तीन ऑसिलेटर आहेत, पण बाहेर जाणारी जोडणी हेडफोनच्या छोट्या जॅकची आहे आणि कळा स्पर्शपट्टीच्या आहेत. मंचावर भर असलेल्या वादकाला ते तोकडे पडेल.

मूळ मिनीमूग, मूगने नव्याने काढलेली आवृत्ती, की प्रतिकृती?

मूळ यंत्रांचे उत्पादन १९८१ मध्ये थांबले, तेव्हा आज मिळणारे प्रत्येक मूळ यंत्र चाळीस वर्षांहून जुने आहे आणि त्याच्यासोबत देखभालीची जबाबदारी येते. मूगने २०१६ मध्ये काढलेल्या नव्या आवृत्तीत स्वतंत्र एलएफओ (आवाजात संथ चढउतार घडवणारा ऑसिलेटर) आणि मिडी (यंत्रांना जोडणारी डिजिटल पद्धत) आले, ज्यांची उणीव मूळ यंत्रात नेहमी जाणवायची. कीबोर्डविना येणारा बेहरिंगर मॉडेल डी हा त्याच रचनेवर आधारलेला आहे, आणि रोलंडने स्टुडिओ इलेक्ट्रॉनिक्सबरोबर बनवलेला एसई-०२ तीन ऑसिलेटरांबरोबर आवाज साठवण्याची सोय देतो. बेसच्या मिश्रणात यांच्यातला फरक त्यांच्याबद्दल चालणाऱ्या वादांच्या मानाने फार लहान असतो. नॉबचा आकार, त्यांच्यातले अंतर आणि फिरवतानाचा भार हा फरक मात्र रोज जाणवतो, आणि त्यासाठी अधिक पैसे मोजणाऱ्याला चूक ठरवता येणार नाही.

ऑसिलेटर व्हीसीओ असावा की डीसीओ?

व्हीसीओची वारंवारता विद्युतदाबाने ठरते आणि तापमानाबरोबर थोडी सरकते. म्हणून यंत्र सुरू करून काही वेळ तापू द्यावे लागते. डीसीओमध्येही तरंग अ‍ॅनालॉगच असतो, पण त्याचा काळ डिजिटल घड्याळ सांभाळते, त्यामुळे स्वर जागेवर राहतो. बेस बेसूर झाला की संपूर्ण वाद्यवृंद बेसूर वाटतो, म्हणून मंचावर वाजवणाऱ्याने स्थैर्याला अधिक वजन द्यावे. आजच्या बहुतेक व्हीसीओ यंत्रांत आपोआप स्वर जुळवण्याची सोय असते, त्यामुळे हा प्रश्न पूर्वीइतका तीव्र राहिलेला नाही.

आतली विकृती किंवा ओव्हरड्राइव्ह आवश्यक आहे का?

आहे, असे मी म्हणेन. फोन किंवा लॅपटॉपच्या स्पीकरमधून ५० हर्ट्झचा मूळ स्वर बाहेर पडतच नाही. तरीही श्रोत्याला बेस कळतो, कारण वरच्या हार्मोनिकांवरून मेंदू गैरहजर मूळ स्वर ओळखतो. विकृती हे हार्मोनिक पुरवते. ती फिल्टरच्या आधी लागते की नंतर, हे मात्र विचारून घ्यावे. आधी लागणारी विकृती फिल्टरला अधिक माल देते आणि कटऑफने तिला आवरता येते. नंतर लागणारी विकृती रेझोनन्सच्या टोकावर थेट घाव घालते आणि आवाज अधिक रासवट होतो. बेस स्टेशन २ मध्ये दोन्ही जागी सोय आहे. मात्र विकृती जास्त झाली की मूळ स्वराचा वाटा तुलनेने घटतो, तेव्हा ती चढवताना प्रत्येक वेळी बंद करून तुलना करावी, आणि तुलना करताना दोन्हींची पातळी सारखी ठेवावी.

खरेदीपूर्वी यंत्र कशावर ऐकावे?

लहान स्पीकरवर ऐकून निर्णय घेऊ नये. पाच इंची वूफरचे स्टुडिओ स्पीकर साधारण ५० हर्ट्झच्या आसपास ओसरू लागतात, म्हणजे ज्या भागासाठी यंत्र घ्यायचे तोच भाग त्यांच्यात अर्धवट ऐकू येतो. खोलीही फसवते: ४१ हर्ट्झच्या तरंगाची हवेतली लांबी आठ मीटरांहून अधिक असते, त्यामुळे नेहमीच्या आकाराच्या खोलीत भिंतींवरून परतलेले तरंग एका जागी स्वर फुगवतात आणि दोन पावलांवर तोच स्वर गिळतात. चांगले बंदिस्त हेडफोन सोबत न्यावेत, आणि शक्य असेल तर ढोल व ताल आधीच असलेली आपली रचना लावून त्याबरोबर यंत्र वाजवावे. एकटा वाजताना मोहवणारा आवाज तालाबरोबर कधीकधी अजिबात बसत नाही, आणि एकटा सपाट वाटलेला आवाज तालासोबत आपली जागा अचूक शोधतो.

एकेक कळ दाबत सर्वांत खालच्या स्वरापासून दोन सप्तके वर जावे. सगळ्या स्वरांचे वजन साधारण सारखे येते का, फिल्टर स्वराच्या उंचीबरोबर पुरेसा उघडतो का, आणि वरच्या स्वरांवर तो अचानक ओरडू लागत नाही ना, हे यात कळते.

इतर यंत्रांशी जोडणीबाबत काय तपासावे?

मिडीचे गोल सॉकेट आणि यूएसबी दोन्ही असतील तर पुढे अडचण येत नाही. सीव्हीने (नियंत्रणाच्या विद्युतदाबाने) जोडणी करायची असेल तर मापनपद्धत पाहावी: बहुतेक यंत्रे सप्तकाला एक व्होल्ट ही पद्धत वापरतात, परंतु कॉर्ग एमएस-२० हर्ट्झ प्रति व्होल्ट पद्धतीवर चालतो आणि दोघांची थेट जोडणी केल्यास स्वर जुळत नाहीत. मूळ टीबी-३०३ मध्ये मिडी नाही. १९८३ मध्ये मिडी रूढ होण्याआधीच्या सिंक पद्धतीवर तो चालतो.

बेसवर कोरस (आवाज दुहेरी भासवणारा प्रभाव) किंवा स्टिरिओ प्रभाव घालावा का?

१०० हर्ट्झच्या खाली घालू नये. मोठ्या ध्वनियंत्रणेत खालचा भाग बहुधा एकत्र करून सबवूफरला दिला जातो, आणि डाव्या-उजव्या बाजूंत कलेचा फरक असेल तर तिथे बेस अंशतः नाहीसा होतो. रुंदी हवीच असेल, तर ती वरच्या हार्मोनिकांपुरती ठेवावी.

जुने यंत्र विकत घेताना कोणत्या खुणा पाहाव्यात?

यंत्र किमान अर्धा तास चालू ठेवून मग स्वर तपासावा, कारण थंड असताना जुळलेला स्वर तापल्यावर सरकू शकतो. प्रत्येक नॉब पूर्ण फिरवून खरखर येते का पाहावे. थोडी खरखर साफसफाईने जाते, पण एखाद्या जागी आवाज पूर्ण तुटत असेल तर नॉबखालचा पोटेन्शिओमीटर बदलावा लागतो. एकाच वेगाने दाबूनही काही कळा दोनदा वाजत असतील तर संपर्कपट्ट्या झिजलेल्या आहेत. आवाज बंद असताना घरघर ऐकू येत असेल, तर वीजपुरवठ्यातले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर म्हातारे झाले असण्याची शक्यता मोठी असते, आणि तो खर्च किमतीत धरावा.

आतल्या चिप आज मिळतात का, याची चौकशी खरेदीआधी करावी. सिक्वेन्शियल प्रो-वन सारख्या यंत्रांतली सीईएम ३३४० ही ऑसिलेटरची चिप अनेक वर्षे दुर्मीळ होती, पण ती बनवणाऱ्या कर्टिस कंपनीने २०१६ मध्ये तिचे उत्पादन पुन्हा सुरू केले, त्यामुळे तिच्यावर चालणारी यंत्रे दुरुस्त करणे आता सोपे झाले आहे. ज्या यंत्रांतले भाग केवळ त्याच काळात बनले त्यांच्याबाबत ही खात्री देता येत नाही. सोबत मूळ अ‍ॅडॅप्टर नसेल तर नव्याचा व्होल्टेज आणि ध्रुवता यंत्रावरच्या खुणेशी ताडून पाहिल्याशिवाय तो लावू नये.